'ही पिढी' म्हणजे नक्की कुठली? शेवटच्या काळाची भाकितं आणि बायबलवरचा भरवसा

पाऊलखुणा:

आमच्या बाबांचं एक जुनं बायबल आहे, त्यातलं दानीएलच्या आठव्या अध्यायाचं पान इतकं पातळ झालंय की मागच्या बाजूची अक्षरं पुढून दिसतात. वाचून वाचून नाही झालं ते, खोडून खोडून झालंय. समासात पेन्सिलीने जगाच्या शेवटाची तारीख लिहायची, ती आली आणि गेली की रबराने पुसायची आणि गणित परत पहिल्यापासून मांडायचं, हे मी लहानपणापासून चारदा तरी बघितलंय. एका वर्षी एका उपदेशकाने दिलेल्या तारखेवर बाबांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ताईचा कॉलेजचा फॉर्म "आता कशाला" म्हणून भरायचाच राहिला. तिचं ते वर्ष गेलं ते गेलंच. तारीख उलटली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा टेबलाशी बसून तेच पान पुसत होते आणि घरात कुणीही एक शब्द बोललं नाही.

या आठवड्यात त्यांना कुणीतरी नवीन व्हिडिओ पाठवलाय आणि पेन्सिल परत बाहेर आलीय, म्हणून विचारतोय.

ही सवय बाबांची एकट्याची नाही हे मला माहितीये. दानीएल ८:१४ मध्ये २३०० संध्याकाळ-सकाळ असा आकडा आहे, अमेरिकेतल्या विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याने एक दिवस म्हणजे एक वर्ष धरलं, सुरुवात इ.स.पू. ४५७ ला केली आणि येशू परत येण्याचं वर्ष काढलं १८४३. मग लक्षात आलं की इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य वर्ष नाहीच, म्हणून १८४४ झालं. शेवटी त्याच्या चळवळीत २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की झाली आणि हजारो माणसं रात्रभर जागून वाट बघत बसली. त्यांच्यातल्याच एकाने नंतर लिहून ठेवलंय की आम्ही उजाडेपर्यंत रडत होतो. हे वाचलं तेव्हा मला टेबलाशी बसलेले बाबाच दिसले.

माझा प्रश्न साधा आहे. चूक गणित करणाऱ्याची की ज्या मजकुरावर गणित होतंय त्याची? कारण मार्क आणि मत्तय या येशूचरित्रांच्या १३ व्या आणि २४ व्या अध्यायात येशू स्वतः म्हणतो की हे सगळं होईपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही. ती पिढी तर कधीच गेली. मी विश्वास सोडलेला नाही, पण या वचनाशी येऊन दरवेळी अडकतो आणि कुणी सरळ उत्तर देत नाही.

जागता_पहारा:

पाऊलखुणा, तुमच्या ताईचं वाचून वाईट वाटलं. असल्या तारखा देणाऱ्यांवर माझाही राग आहे आणि तो बायबल मानतो म्हणूनच आहे. त्याच मार्क १३ मध्ये बत्तिसावं वचन बघा, तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, देवदूतांनाही नाही आणि पुत्रालाही नाही. प्रेषितांची कृत्ये १:७ मध्ये पुन्हा तेच, काळ आणि समय जाणणं तुमचं काम नाही. इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना जो तारीख देतो तो मजकुराच्या विरुद्ध जाऊन देतो, मग दोष मजकुराला का?

'पिढी'बद्दल बरेच जण असं मानतात की ज्या पिढीला शेवटाची चिन्हं दिसायला लागतील तीच पिढी शेवटही बघेल. आणि चिन्हं नाहीत असं कोण म्हणेल? जवळजवळ १९ शतकं विखुरलेल्या यहुदी लोकांचं १९४८ मध्ये पुन्हा इस्राएल हे राष्ट्र झालं, असं उदाहरण इतिहासात दुसरं दाखवा.

मजकुराच्या भरवशाचं म्हणाल तर १९४७ च्या सुमारास मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत बायबलमधल्या यशया या पुस्तकाची अख्खी गुंडाळी सापडली, सात मीटरहून लांब, इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या आसपासची. तोपर्यंत हातात असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा ती साधारण हजार वर्षं जुनी, आणि मजकूर बहुतांश तोच. हजार वर्षं हाताने नकला करूनही.

कोरा_कागद:

इथे दोन वेगळे प्रश्न एकात एक गुंतलेत. नक्कल नीट झाली का हा एक आणि जे लिहिलंय ते खरं ठरलं का हा दुसरा. हवामानाचा अंदाज छापताना एकही अक्षर चुकलं नाही म्हणून पाऊस पडतोच असं नाही ना. यशयाची गुंडाळी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, दुसऱ्याचं नाही.

आणि पहिलं उत्तरही इतकं सरसकट नाही. त्याच कुमरानमध्ये यिर्मयाच्या हिब्रू प्रतीचे असे तुकडे मिळाले जे ग्रीक भाषांतरातल्या आखूड यिर्मयाशी जुळतात. तो आपल्या नेहमीच्या यिर्मयापेक्षा साधारण एक अष्टमांशाने लहान आहे आणि त्यातला प्रकरणांचा क्रमही वेगळा. म्हणजे तेव्हा एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी नांदत होत्या. नव्या करारात मार्कच्या शेवटच्या बारा ओळी चौथ्या शतकातल्या दोन सगळ्यात महत्त्वाच्या प्रतींमध्ये, सिनाई आणि व्हॅटिकन, नाहीतच.

१९४८ चं म्हणाल तर त्यात ४० वर्षांची एक पिढी मिळवून १९८८ ही तारीख काढलीच होती लोकांनी. ती गेल्यावर पिढी ७० वर्षांची झाली, मग ८० ची. पिढी या शब्दाची लांबी रबरासारखी ताणली जात असेल तर तो पुरावा कसा काय?

अबोली:

मी फारसं लिहीत नाही पण पाऊलखुणांचं वाचून राहवलं नाही. मी आठ-नऊ वर्षांची असताना शाळेतून घरी आले तर दार उघडं, गॅसवर भांडं, आणि घरात कोणीच नाही. मला वाटलं सगळ्यांना वर उचलून नेलं आणि मी एकटी मागे राहिले. आई शेजारी गेली होती फक्त, दहा मिनिटांत आली. पण ती दहा मिनिटं मी अजून विसरलेले नाही, आणि आता माझी मुलगी त्याच वयाची आहे. हे 'उचललं जाणं' नक्की कुठे लिहिलंय हे कुणी सांगेल का? मला कधी धड सापडलं नाही.

दीपस्तंभ:

अबोली, प्रेषित पौलाचं थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र, चौथा अध्याय, सतरावं वचन. ढगांमध्ये प्रभूला भेटायला घेतले जाऊ, असं आहे. पण आधीच्या चार ओळी वाचा म्हणजे पत्र कुणाला आणि का लिहिलंय ते कळेल. साधारण इ.स. ५० च्या सुमाराचं हे पत्र. त्या मंडळीतली काही माणसं वारली होती आणि उरलेल्यांना काळजी की आपली गेलेली माणसं प्रभूच्या येण्याला मुकणार का. पौल सांगतो, मुकणार नाहीत, आधी तेच उठतील, मग आपण सगळे एकत्र. आणि अठरावं वचन: म्हणून या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा. मेलेल्या माणसासाठी रडणाऱ्यांना धीर द्यायला लिहिलेली ही ओळ आहे, तिने एखादं मूल रिकाम्या घरात थरथर कापत असेल तर ती उलटी वाचली गेलीय असं मी मनापासून म्हणतो.

त्यातला 'भेटायला' हा ग्रीक शब्दही बघा. गावाकडे येणाऱ्या मोठ्या पाहुण्याला वेशीबाहेर सामोरं जायचं आणि मानाने आत घेऊन यायचं, यासाठी तो वापरला जायचा. मत्तय २५ मधल्या दहा कुमारी वराला सामोऱ्या जातात तिथेही हाच शब्द आहे. त्यांतल्या तयार असलेल्या तिथूनच निघून जात नाहीत, वराबरोबर आत येतात.

विश्वासणारे आधी गुपचूप उचलले जाणार, मग सात वर्षं संकट, मग उघड पुनरागमन, अशी टप्प्याटप्प्यांची मांडणी जॉन नेल्सन डार्बी याने १८३० च्या दशकात नीट बसवली आणि १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफील्डच्या टिपांच्या बायबलमुळे ती घराघरात पोचली, कारण टीप आणि वचन एकाच पानावर छापलेलं आणि वाचणाऱ्याला टीप कुठे संपते आणि वचन कुठे सुरू होतं हे हळूहळू कळेनासं झालं. पाचव्या शतकातल्या बिशप ऑगस्टीनपासून पुढे चर्चच्या मोठ्या भागाने बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली, प्रकटीकरणातली, ख्रिस्ताच्या राज्याची हजार वर्षं प्रतीक म्हणून वाचली आहेत. म्हणजे तुमच्या लहानपणी जे एकमेव ख्रिस्ती मत म्हणून सांगितलं गेलं ते अनेकांतलं एक आहे आणि त्यातल्या त्यात नवीन.

अबोली:

दीपस्तंभ, अठरावं वचन आत्ता उघडून वाचलं. मला इतकी वर्षं फक्त सतरावंच ऐकवलं होतं. लेकीला दोन्ही वाचून दाखवणार आहे.

दीपस्तंभ:

पाऊलखुणा, आता तुमच्या प्रश्नाकडे. मार्क १३ सुरू कुठे होतो? शिष्य मंदिराचे प्रचंड दगड दाखवतात, येशू म्हणतो यातला दगडावर दगड राहणार नाही, आणि शिष्य विचारतात हे कधी होणार. इ.स. ७० मध्ये रोमन सेनापती टायटसच्या सैन्याने यरुशलेम घेतलं आणि मंदिर पाडलं. येशूच्या शब्दांपासून साधारण ४० वर्षं, ऐकणारे कितीतरी जण तेव्हा हयात होते. म्हणून 'ही पिढी' हा शब्द ताणायची गरजच नाही, ती हीच पिढी होती. यहूदियात असलेल्यांनी डोंगरात पळावं ही सूचना जगाच्या अंतासाठी निरर्थक आहे, वेढा पडणाऱ्या शहरासाठी मात्र अगदी नेमकी. सूर्य काळवंडणं, ताऱ्यांनी प्रकाश न देणं ही भाषा यशया १३ मध्ये बाबेलच्या पाडावासाठी वापरलीय आणि तेव्हा कोणी आकाशातले तारे विझताना बघितले नव्हते.

प्रकटीकरणही आशिया नावाच्या रोमन प्रांतातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) सात मंडळ्यांना लिहिलेलं पत्र आहे. इफिस, स्मुर्णा, पर्गम, ही खरी शहरं, तिथे खरी माणसं छळात होती. त्यातल्या श्वापदाचा आकडा ६६६ घ्या. हिब्रूत अक्षरांनाच आकडे असतात. रोमन सम्राट नेरोचं नाव, 'नेरोन कैसर', हिब्रू अक्षरांत लिहिलं की नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, मग कोफ १००, सामेख ६०, रेश २००. बेरीज करा, ६६६. आणि लॅटिन धाटणीने 'नेरो' म्हटलं तर शेवटचा नून गळतो, राहतात ६१६. आता गंमत नाही, खरोखर असं आहे की इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसला सापडलेल्या प्रकटीकरणाच्या एका खूप जुन्या पपायरसवर ६६६ च्या जागी ६१६ आहे.

जागता_पहारा:

दीपस्तंभ, तुमचा अभ्यास दिसतो पण यात एक मोठी अडचण आहे आणि ती तुम्ही टाळू नये. सुरुवातीच्या चर्चचा बिशप इरेनेयस इ.स. १८० च्या सुमाराला लिहितो, त्याला ६१६ ची प्रत माहिती आहे आणि ती चुकीची असल्याचं तो सांगतो. मग आकडा कुणाचा असेल म्हणून तीन नावं सुचवतो, त्यात नेरो नाही. तो तर प्रेषितांचा शिष्य मानल्या जाणाऱ्या पॉलीकार्पला लहानपणी ऐकलेला माणूस. नेरोचं उत्तर इतकं उघड होतं तर शंभर वर्षांत सगळे विसरले? शिवाय तोच सांगतो की हा दृष्टांत रोमन सम्राट डोमिशियनच्या राज्याच्या अखेरीस झाला, म्हणजे इ.स. ९५ च्या आसपास, मंदिर पडून २५ वर्षं झाल्यावर. मग प्रकटीकरण मंदिराच्या पाडावाबद्दल कसं?

आणि टायटस आला तेव्हा मनुष्याचा पुत्र ढगांवर आला का? मेलेले उठले का? सगळंच ७० सालात संपवलं तर आमची आशा कशावर उभी राहणार?

बायबलला खोटं म्हणायची घाई करणाऱ्यांना बेलशस्सर आठवावा. दानीएल पाचमधला हा राजा बाहेरच्या कुठल्याच यादीत नाही म्हणून तो काल्पनिक ठरवला होता. १८५४ मध्ये इराकमधल्या प्राचीन उर शहरात बाबेलचा राजा नबोनिदसच्या मातीच्या नळकांड्या मिळाल्या, त्यात मुलाचं नाव बेलशस्सर.

कोरा_कागद:

बेलशस्सरचा मुद्दा मान्य, तिथे दानीएलच्या लेखकाकडे चांगली माहिती होती. पण त्याच अध्यायात नबुखद्नेस्सर त्याचा बाप म्हटलाय, आणि त्याच नळकांड्या सांगतात की बाप नबोनिदस. पुढचा 'दारयावेश मेदी' अजूनही कुठल्याच बाबिली नोंदीत नाही.

आता पाऊलखुणा, तुमच्या बाबांच्या पानाशी जवळचं सांगतो. दानीएल ११ शांतपणे वाचा, शेजारी इतिहासाचं पुस्तक ठेवून. उत्तरेचा राजा, दक्षिणेचा राजा, त्यांची लग्नं, तह, दगाबाजी, सगळं इ.स.पू. तिसऱ्या-दुसऱ्या शतकातल्या सिरिया आणि इजिप्तच्या राजघराण्यांशी एकेक करून जुळतं, थेट सिरियाचा राजा अंतियोखस चौथ्याने इ.स.पू. १६७ मध्ये मंदिर विटाळलं तिथपर्यंत. मग चाळिसाव्या वचनापासून जुळणं थांबतं. तिथे म्हटलंय राजाचा तळ समुद्र आणि पवित्र डोंगर यांच्या मध्ये पडेल आणि तिथे त्याचा शेवट. प्रत्यक्षात अंतियोखस इ.स.पू. १६४ मध्ये पर्शियाकडे मेला. म्हणून बहुतेक अभ्यासक म्हणतात की लिहिणारा त्या छळाच्या मधोमध बसून लिहितोय. ही नवी टीका पण नाही, ख्रिस्ती धर्माचा टीकाकार पोर्फिरी याने इ.स. तिसऱ्या शतकातच केली होती आणि बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोमला तिला उत्तर द्यावं लागलं.

आणि आता शेवटचा अध्याय बघा. ८:१४ मध्ये २३०० संध्याकाळ-सकाळ, म्हणजे जोड्या धरल्या तर ११५० दिवस. १२:११ मध्ये १२९० दिवस. लगेच पुढच्या वचनात, जो धीर धरून १३३५ दिवसांपर्यंत पोचेल तो धन्य. काही अभ्यासकांना वाटतं की मुदत संपली, सुटका झाली नाही, म्हणून कुणीतरी आकडा पुढे नेला, आणि मग पुन्हा एकदा नेला.

पाऊलखुणा:

कोरा_कागद, तुमचा प्रतिसाद वाचून मी उठून बाबांचं बायबल घेऊन आलो. ११५०, १२९०, १३३५. हे जर खरं असेल तर समासातली पेन्सिल पुस्तकाच्या आतच आहे. इतकी वर्षं मला वाटायचं बाबा त्या पुस्तकाशी काहीतरी चुकीचं करतायत आणि आता दिसतंय की दोन हजार वर्षांपूर्वी असंच कोणीतरी, घरावर संकट आलेलं, मुलांना आईबापांसमोर मारलं जात असताना, 'अजून पंचेचाळीस दिवस थांबा' असं लिहीत होतं. मला यावर राग यायला हवा होता बहुतेक, तो आला नाही. तुम्ही हे पुस्तक खोटं ठरवायला लिहिलंत का माहीत नाही, मला ते पहिल्यांदाच कुणा माणसाने लिहिल्यासारखं वाटलं.

कोरा_कागद:

नाही, खोटं ठरवायला नाही. मी विश्वास ठेवत नाही पण वीस वर्षं हेच वाचतोय, आवडल्याशिवाय कोण वाचेल. माझं भांडण 'एकही अक्षर हललेलं नाही' या वाक्याशी आहे, कारण ते ऐकून मोठी झालेली मुलं पहिली फट दिसली की सगळंच फेकून देतात.

एकच उदाहरण देतो. प्रकटीकरणाच्या शेवटी ताकीद आहे, या पुस्तकात कोणी भर घालू नये, कोणी काढू नये. इरॅस्मस नावाचा डच विद्वान १५१६ ला ग्रीक नवा करार छापत होता तेव्हा त्याच्याकडे प्रकटीकरणाची एकच ग्रीक प्रत होती आणि तिचं शेवटचं पान गायब. मग त्याने त्या ओळी लॅटिनवरून उलट ग्रीकमध्ये भाषांतर करून भरल्या. लॅटिनमध्ये 'जीवनाचं पुस्तक' होतं, ग्रीक प्रतींमध्ये आहे 'जीवनाचं झाड'. तो फरक १६११ च्या इंग्रजी बायबलपर्यंत तसाच गेला. म्हणजे शब्द बदलू नका सांगणाऱ्या वचनातलाच शब्द बदलला, आणि बदलणारा प्रामाणिक, कष्टाळू माणूस होता. हे आपल्याला आज कळतं कारण हजारो प्रती शिल्लक आहेत आणि ताडून बघता येतात. मजकुराचा भरवसा मी त्या ताडून बघण्यावर ठेवतो.

जागता_पहारा:

हे झाडाचं मला माहीत नव्हतं. आमच्या पाळकांना विचारीन.

माझ्यासाठी एक गोष्ट मात्र बोलायलाच हवी, कारण तुम्ही सगळे प्रामाणिकपणे बोलताय. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकात १८:२२ मध्ये कसोटी दिलीय की संदेष्ट्याचं बोललेलं घडलं नाही तर ते देवाकडचं नव्हतं. मी ही कसोटी कायम दुसऱ्यांना लावली. आणि योना? ४० दिवसांत निनवे उलटेल असं तो ओरडला, लोक वळले, निनवे उलटली नाही, आणि तरी योना खोटा संदेष्टा नाही. यहेज्केल २६ मध्ये नबुखद्नेस्सर सोर (टायर) शहर लुटेल असं आहे, तेरा वर्षं वेढा पडला, आणि २९:१८ मध्ये तोच यहेज्केल सांगतो की त्याच्या सैन्याला मजुरी मिळाली नाही. हे त्यानेच लिहून ठेवलं, लपवलं नाही. म्हणजे भाकीत म्हणजे आधीच छापलेलं वर्तमानपत्र नव्हे, असं बायबलच सांगत असावं. हे कबूल करायला मला जड जातंय. पण तो येणार, यावर माझा विश्वास आहे आणि तो तसाच राहणार. २ पेत्र ३ मध्ये लिहिलंय की उशीर नाही, तो धीर धरतोय, कुणाचा नाश होऊ नये म्हणून.

दीपस्तंभ:

इरेनेयसबद्दल तुम्ही विचारलं ते टाळत नाही. नेरो त्याच्या यादीत नाही हा खरा आक्षेप आहे. हिब्रूत मोजायचं हे ग्रीक वाचकांना सुचलं नसेल असं उत्तर देतात, मला ते पुरेसं वाटतं, तुम्हाला नाही वाटणार. आणि डोमिशियनच्या काळातलं असेल तर ते मंदिराबद्दल नसून रोमबद्दल आहे, सात डोंगरांवर बसलेली बाई अजून कोण असणार. पण त्याच जागी इरेनेयस काय म्हणतो तेही बघा: नावाचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा घडेपर्यंत थांबणं जास्त सुरक्षित, कारण पुष्कळ नावांचा आकडा तेवढाच येतो. न्यूटनसुद्धा २०६० हा आकडा लिहून ठेवताना म्हणतो की मी हे वेळ ठरवायला लिहीत नाही, उठसूट अंदाज करणाऱ्यांना थांबवायला लिहितोय.

आणि मेलेले उठले का, या प्रश्नाला माझं उत्तर, नाही, अजून नाही. ७० साली सगळं संपलं असं मी मानत नाही. त्या पुढची वाट तुमच्यासारखीच मीही बघतोय.

पाऊलखुणा, बाबांशी वाद घालू नका. दानीएलने सुरू करू नका, थेस्सलनीकाने करा.

पाऊलखुणा:

काल रात्री वाचलं बाबांबरोबर. चौथा अध्याय तेरा ते अठरा, आणि मग पुढचं पत्र, तिसरा अध्याय, जिथे काम सोडून बसलेल्यांना पौल सांगतो की निमूटपणे काम करा आणि आपलीच भाकर खा. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्यांनी पण सोडलं होतं का काम?" मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही, पान त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी स्वतः परत वाचलं, बोट फिरवत. तारीख अजून समासात आहे, मी पुसायला सांगितली नाही.

झोपायच्या आधी ताईला फोन केला. बायबलबद्दल ती घरात कुणाशी बोलत नाही हल्ली. तिने एवढंच विचारलं, या वेळी तारीख कुठली. मी सांगितली. ती म्हणाली, मी आदल्या दिवशी येते, दुसऱ्या दिवशी सकाळी मला बाबांजवळ असायचंय.